कॅराव्हॅनची चोरी आणि दोन ट्रॅकर : इंग्लंडमधील एका प्रकरणाचा अभ्यास

इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात राहणाऱ्या एका मराठी डॉक्टर दांपत्याची कॅराव्हॅन २०२४ च्या डिसेंबरात चोरीला गेली आणि सात तासांच्या आत सापडली. तिच्यात दोन ट्रॅकर बसवलेले होते. विमा कंपनीला मान्य असलेला, दरवर्षी वर्गणी भरून चालू ठेवलेला आणि चोवीस तास देखरेखीखाली असलेला ट्रॅकर त्या रात्री मुका राहिला. ठिकाण कळवले ते दुसऱ्याने, जो स्वतःच्या सेलवर चालत होता, ज्याला कोणाची मान्यता नव्हती आणि ज्याची किंमत पहिल्याच्या वर्षभराच्या वर्गणीपेक्षाही कमी होती. एवढेच ऐकून थांबले तर महागाचे उपकरण टाकाऊ आणि स्वस्तातले कामाचे असा निष्कर्ष कोणीही काढील, आणि नातेवाइकांत तो काढलाही गेला. मी पुण्यात वाहनांच्या ट्रॅकिंगच्या व्यवसायात आहे, म्हणून मालकांनी दोन्ही उपकरणांच्या नोंदी मला पाहायला दिल्या. त्या वाचल्यावर माझे मत असे झाले की, या प्रकरणात उपकरणांच्या दर्जाचा संबंध फार थोडा आहे. एका ट्रॅकरला हिवाळाभर वीज कुठून मिळणार याचा हिशेब कोणी केला नव्हता आणि दुसऱ्याच्या मर्यादा मालकांना पक्क्या ठाऊक होत्या, त्यामुळे जे घडायचे ते घडले. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावे, कंपन्या आणि नेमकी ठिकाणे येथे दिलेली नाहीत.

वाहन, पण नोंदणीविना

ज्या वाहनाविषयी हे लिहीत आहे ते आपल्याकडच्या वाचकाला फारसे परिचित नाही. ब्रिटनमध्ये सहलीसाठी वापरली जाणारी ही कॅराव्हॅन म्हणजे इंजिन नसलेली, मोटारीच्या मागे जोडून ओढायची, आत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि न्हाणीची सोय असलेली खोलीच असते. या कुटुंबाची कॅराव्हॅन चौघांची, एका आसाची, साधारण चौदाशे किलो वजनाची होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत वेल्सच्या किंवा यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर न्यायची आणि ऑक्टोबरनंतर एखाद्या शेतकऱ्याच्या आवारात भाड्याने ठेवून द्यायची, असा तिथला सर्वसाधारण रिवाज आहे.

ओढून न्यायच्या अशा कॅराव्हॅनची तिथल्या वाहन खात्याकडे, म्हणजे डीव्हीएलएकडे, नोंदणीच होत नाही. तिला स्वतःचा क्रमांक नसतो. जी मोटार तिला ओढते त्या मोटारीच्या क्रमांकाची पाटी तिच्या पाठीवर लावायची असते. त्यामुळे चोराने आपल्या गाडीला ती जोडली आणि मागे आपल्याच गाडीची पाटी लावली की रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला त्यात वावगे काही दिसत नाही. सरकारी नोंदणीची ही उणीव भरून काढण्यासाठी १९९२ पासून नॅशनल कॅराव्हॅन कौन्सिलची क्रिस नावाची नोंद योजना चालते. तिच्यात प्रत्येक कॅराव्हॅनला सतरा अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक मिळतो. तो चासीवर उमटवलेला असतो, खिडक्यांच्या काचांवर कोरलेला असतो, आणि २०१६ पासून नव्या कॅराव्हॅनच्या आत न दिसणारी इलेक्ट्रॉनिक चिपही बसवली जाते. या नोंदीचे प्रमाणपत्र म्हणजे कायदेशीर मालकीपत्र नव्हे. पण चोरी झाल्यावर पोलिसांना सांगण्यासारखा दुसरा क्रमांकच नसल्याने तेच सर्वांत महत्त्वाचे कागदपत्र ठरते.

कुलुपे दोन होती. मोटारीला जोडण्याच्या आकड्यावर बसणारे एक, आणि चाकाच्या आऱ्यांमधून थेट आसाजवळच्या खोबणीत जाणारे दुसरे. हे दुसरे कुलूप खरोखर भक्कम असते, मात्र ते बसवायचे तर चाकाची फट आणि मागची खोबण एका रेषेत यावी लागते. कॅराव्हॅन जागेवर लावल्यावर ती रेषा क्वचितच जुळते. मग चौदाशे किलोचे धूड इंच इंच पुढेमागे ढकलावे लागते. ऑक्टोबरातल्या पावसात, चिखलात, अंधार पडत असताना डॉक्टरांनी ते काम पुढच्या खेपेवर टाकले. पुढची खेप झाली नाही. विम्याच्या अटींत मात्र कॅराव्हॅन उभी असताना दोन्ही कुलुपे लावलेली असावीत असे स्पष्ट लिहिलेले होते.

मान्यताप्राप्त ट्रॅकर गप्प का राहिला

पहिला ट्रॅकर थॅचम रिसर्च या, विमा कंपन्यांसाठी वाहनसुरक्षेची उपकरणे तपासणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या एस-७ वर्गातला होता. या वर्गातल्या उपकरणाने कॅराव्हॅन हलली किंवा तिची बॅटरी तोडली तर आपणहून सूचना द्यावी, आणि ती सूचना मालकाच्या फोनबरोबरच चोवीस तास माणसे बसलेल्या नियंत्रण कक्षातही पोचावी, अशी अपेक्षा असते. पोलिसांशी बोलण्याचे काम हा कक्ष करतो आणि विमा कंपन्या हप्त्यात सूट देतात ती मुख्यतः या कक्षासाठी. व्यवस्था चांगली आहे, आणि या प्रकरणातल्या अपयशामुळे तिच्याविषयीचे माझे मत बदललेले नाही.

अडचण विजेची होती. हा ट्रॅकर कॅराव्हॅनच्या आतल्या दिवे-पंपांसाठी असलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर जोडलेला होता. त्याच बॅटरीवर धोक्याची घंटाही होती. दोन्ही मिळून निष्क्रिय अवस्थेतही सुमारे साठ मिलिअँपिअर वीज खात होती. आकडा क्षुल्लक वाटतो, पण दिवसाचे चोवीस तास धरले की तो १.४४ अँपिअर-तास होतो. शंभर अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरू देऊ नये हा साधा नियम लावला, तर ती पस्तीस दिवसांत त्या रेषेपर्यंत येते. बॅटरी चार वर्षांची होती आणि थंडीत तिची क्षमता आणखी घटते. कॅराव्हॅन ऑक्टोबरच्या मध्यावर आवारात गेली होती, म्हणजे नोव्हेंबर संपता संपता बॅटरी बसणार हे कागदावर आधीच दिसत होते. ट्रॅकरच्या आतला छोटा राखीव सेल त्यानंतर काही दिवस टिकला आणि संपला.

उपकरणाने हे लपवले नव्हते. नोंदींत बॅटरी उतरत असल्याचे दोन इशारे आहेत. दोन्ही मालकांच्या फोनवर आले, वाचले गेले आणि भारतात जाण्याच्या गडबडीत मागे पडले. नियंत्रण कक्षाने एक ई-मेलही पाठवली होती. ती जाहिरातींच्या गर्दीत राहिली. आमच्या धंद्यात ही गोष्ट इतक्या वेळा पाहण्यात येते की, ट्रॅकर विकणाऱ्याने पहिल्या दिवशीच ग्राहकासमोर बसून हा भागाकार करून दाखवावा असे मला वाटते. तो कोणी दाखवत नाही, कारण त्यातून पुढचा प्रश्न निघतो : हिवाळाभर या बॅटरीला वीज कोण पुरवणार? छपरावर छोटे सौर पॅनेल लावा, हे ठरावीक उत्तर मिळते. लेस्टरच्या अक्षांशावर डिसेंबरातला दिवस जेमतेम साडेसात तासांचा, तोही बहुधा ढगाळ आणि सूर्य क्षितिजाला लागलेला. त्यामुळे छपरावर आडव्या ठेवलेल्या लहान पॅनेलवर विसंबणे धोक्याचे आहे.

दुसरा ट्रॅकर कुठे आणि कसा होता

दुसरा ट्रॅकर डॉक्टरांनी स्वतःच बसवला होता, तोही कॅराव्हॅनसाठी म्हणून घेतलेला नव्हता. साबणाच्या वडीएवढे हे उपकरण बदलता येणाऱ्या लिथियम सेलवर चालते, एरवी झोपलेले असते, दिवसातून एकदा उठून आपले ठिकाण कळवते, आणि आतल्या हालचाल-संवेदकाला सलग हादरे जाणवले तर लगेच जागे होते. अशा मितव्ययी उपकरणाचे सेल दोन-तीन वर्षे पुरतात. जे उपकरण बाहेरच्या विजेवर अवलंबूनच नाही त्याच्या बाबतीत वरचा भागाकार करावा लागत नाही.

जागा निवडताना त्यांनी केलेला विचार मला आवडला. उपग्रहाचे संकेत धातूतून जात नाहीत आणि जुन्या कॅराव्हॅनच्या भिंतींना बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असतो. त्यांच्या कॅराव्हॅनचे छप्पर मात्र फायबरचे होते, म्हणून वर आकाश आणि मध्ये फक्त फायबर, फोम आणि प्लायवूड राहील अशी जागा हवी होती. पुढचा सामानाचा कप्पा, बॅटरीची पेटी, डोक्यावरची कपाटे या जागा चोर सर्वांत आधी चाचपतो. डॉक्टरांनी मागच्या बिछान्याखालची फळी चार स्क्रू काढून उचलली, गरम हवेच्या नळीच्या पलीकडे, चाकाच्या प्लॅस्टिकच्या कमानीला टेकून एक पोकळी होती, तिथे लोणच्याचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा ठेवला, त्यात चहूबाजूंनी फोम भरून उपकरण उताणे बसवले आणि फळी पुन्हा आवळली. डब्यावरचे कैरीच्या लोणच्याचे लेबल त्यांनी मुद्दाम तसेच ठेवले होते. त्याचा उपयोग झाला की नाही हे चोरालाच माहीत.

मोटारीच्या किल्लीला लावतात तसला एअरटॅग का नाही, असे त्यांना अनेकांनी विचारले होते. एअरटॅगमध्ये जीपीएस नसते. आसपासच्या आयफोनना ब्लूटूथवर ऐकू जाईल एवढाच त्याचा आवाज असतो, त्यामुळे शेताच्या कोपऱ्यातल्या आवारात तो दिवसेंदिवस कोणाला सापडत नाही. शिवाय अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरत असल्याची सूचना त्या फोनधारकाला मिळते आणि मालकापासून बराच वेळ दूर राहिलेला टॅग हलवला गेला तर वाजूही लागतो. स्त्रियांचा पाठलाग करण्यासाठी या टॅगांचा गैरवापर झाल्याने ही सोय करावी लागली, २०२३ पासून ती अँड्रॉइड फोनवरही आली, आणि ती असलीच पाहिजे. मात्र चोराच्या खिशातही फोन असतोच.

दुसऱ्या ट्रॅकरला एक खोड होती. उघड्यावर उभी असलेली कॅराव्हॅन वाऱ्याने डुलते आणि पहिल्याच वादळी आठवड्यात हालचालीच्या खोट्या सूचनांनी डॉक्टरांना हैराण केले. त्यांनी संवेदकाची तीव्रता कमी केली, इतकी की हादरे सलग काही मिनिटे बसले तरच उपकरण बोलेल. म्हणजे चोरी सुरू झाल्याची खबर त्यांना मिळणार नव्हती. कॅराव्हॅन रस्त्याला लागल्यानंतरच ती मिळणार होती. हे त्यांनी समजून-उमजून पत्करले होते, कारण आवार घरापासून लांब होते आणि आधी कळले असते तरी ते तिथे वेळेत पोचणार नव्हतेच.

त्या रात्रीच्या नोंदी

चोरीच्या वेळी सगळे कुटुंब सांगलीत एका लग्नासाठी आलेले होते. इंग्लंडमध्ये पहाटेचे दोन वाजून पन्नास मिनिटे झाली तेव्हा सांगलीत सकाळचे आठ वीस झाले होते. लेस्टरच्या घरी असते तर डॉक्टर त्या वेळी गाढ झोपेत असते आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असता. इकडे हळदीच्या गडबडीतही फोन हातात होता. योगायोगाचा हा वाटा मान्य केला पाहिजे.

पहिला संदेश हालचालीचा होता, पण त्यात ठिकाण नव्हते. जीपीएसच्या रकान्यात शून्य उपग्रह आणि त्याऐवजी मोबाइल टॉवरवरून काढलेला अंदाज, सव्वा किलोमीटरच्या वर्तुळाचा. पुढचे संदेश दर पाच मिनिटांनी आले आणि तासाभराहून अधिक काळ तसेच राहिले. झोपेतून उठलेल्या उपकरणाला उपग्रहांची ताजी कक्षा-माहिती पुन्हा उतरवून घ्यावी लागते. ती माहिती उपग्रह दर तीस सेकंदांनी पुन्हा पाठवत असल्याने मोकळ्या आकाशाखाली अर्ध्या-एका मिनिटात काम होते. धावत्या कॅराव्हॅनमध्ये थोडा जास्त वेळ लागेल, पण तासभर शून्य उपग्रह दिसण्याचे कारण माझ्या मते एकच संभवते : ओढणाऱ्या मोटारीत जॅमर होता. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि जमिनीवर पोचेपर्यंत त्यांचा संकेत इतका क्षीण होतो की, मोटारीच्या सिगारेट लायटरच्या खोबणीत बसणारे छोटे यंत्रही तो काही मीटरच्या परिसरात सहज बुडवते. ब्रिटनमध्ये २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार असे यंत्र वापरणे गुन्हा आहे. चोराला त्या कायद्याचे भय कितपत असणार हे सांगायला नको. हा जॅमर साधा होता, फक्त जीपीएसची वारंवारता दाबणारा, म्हणून मोबाइलचे संदेश सुटून बाहेर आले. मोबाइलही दाबणारा जॅमर असता तर नोंदवहीत त्या तासाभरासाठी काहीच नसते.

दरम्यान डॉक्टरांनी अ‍ॅपमधून दर मिनिटाला ठिकाण कळवण्याची आज्ञा दिली आणि ती ‘प्रलंबित’ अशी दिसत राहिली. घाबरून त्यांनी ती पुन्हा पुन्हा पाठवली. झोपणारे उपकरण आपल्याला हवे तेव्हा ऐकत नाही. ते स्वतः संदेश पाठवायला उठते त्याच वेळी त्याच्यासाठी थांबलेली आज्ञा उचलते. ही गोष्ट वापरणाऱ्याला आधी माहीत असली तर तो ती पाच मिनिटे फोनवर बोलण्यात घालवील.

बोलायचे कोणाशी, हा प्रश्नही होता. तिथले ९९९ आणि १०१ हे पोलिसांचे क्रमांक परदेशातून लागत नाहीत. डॉक्टरांनी लेस्टरमधल्या एका स्नेह्याला उठवले, त्याने ९९९ वर कळवले, आणि तिकडून पहिलाच प्रश्न आला तो गाडीच्या क्रमांकाचा. क्रिस प्रमाणपत्राचा फोटो डॉक्टरांच्या फोनमध्ये होता. त्यातला सतरा अंक-अक्षरांचा क्रमांक, कॅराव्हॅनची चारी बाजूंची छायाचित्रे आणि दारावरच्या एका ओरखड्याचा फोटो त्यांनी लगेच पाठवला. या तयारीमुळे पहाटे साडेतीनच्या आत गुन्हा नोंद क्रमांक मिळाला आणि कॅराव्हॅन पोलिसांच्या राष्ट्रीय संगणकावर चोरीची म्हणून चढली. त्या पहाटेचे सर्वांत मोलाचे काम मला हेच वाटते. गुन्हा नोंद क्रमांक हाती नसेल तर नियंत्रण कक्ष, विमा कंपनी, दुसऱ्या हद्दीतले पोलीस यांपैकी कोणीही पुढे सरकत नाही.

चार वाजून पाच मिनिटांनी नोंदींचा रंग पालटला. नऊ उपग्रह, आठ मीटरचे वर्तुळ, वेग शून्य. कॅराव्हॅन लेस्टरशायरच्या हद्दीबाहेर, एका औद्योगिक वसाहतीच्या मागच्या रस्त्याला, ट्रक उभे राहतात त्या पट्टीत सोडलेली होती. मोटार निघून गेली आणि तिच्याबरोबर जॅमरही गेला. चोरीचे वाहन असे एक-दोन दिवस उघड्यावर सोडून द्यायचे आणि त्याच्या मागावर कोणी येते का हे लांबून पाहायचे, ही तिकडच्या सराईत चोरांची नेहमीची रीत आहे. ट्रॅकर असेल तर पोलीस येतील आणि नुकसान फक्त कष्टांचे. कोणी आले नाही तर वाहन स्वच्छ समजायचे आणि आत न्यायचे. सर्व शोध लावायचा तो या मधल्या वेळात.

उजाडल्यावर स्नेह्याने त्या रस्त्याने जायचे ठरवले. डॉक्टरांनी आधी नको म्हटले. तेव्हा तो म्हणाला, “दादा, मी गाडीतून उतरणार नाही, थांबणारही नाही, सरळ समोरून जातो आणि पुढच्या पेट्रोल पंपावरून फोन करतो.” त्याने तेवढेच केले. पट्टीत एकच पांढरी कॅराव्हॅन आहे, डाव्या दारावर ओरखडा आहे आणि मागे पाटी नाही, हे त्याने पोलिसांना गुन्हा नोंद क्रमांकासह सांगितले. नकाशावरच्या ठिपक्याच्या जागी वस्तू प्रत्यक्ष दिसली म्हटल्यावर त्या फोनचे वजन वाढले. साडेनऊच्या सुमारास पोलीस पोचले. खिडकीच्या दोन काचांवरचा क्रमांक तोपर्यंत खरवडला गेला होता, चासीवरचा शाबूत होता, आणि तो प्रमाणपत्राशी जुळला.

कॅराव्हॅन परत मिळाल्यावर आणखी एक गोष्ट उघडकीला आली. बॅटरीच्या पेटीजवळ बसवलेला पहिला ट्रॅकर तारा कापून उपटून काढलेला होता. तो आधीच मेलेला होता हे चोरांना माहीत नसावे. आपल्याला हवे ते सापडले असे समजून त्यांनी पुढचा शोध थांबवला असेल, हा माझा तर्क आहे. पण मागच्या बिछान्याखालची फळी कोणी हलवलेली नव्हती, एवढे खरे. तसे असेल तर त्या मुक्या उपकरणानेही आपली वर्गणी एका परीने फेडली म्हणायची.

ठिपका बंद दाराआड असता तर

या प्रकरणात कॅराव्हॅन सार्वजनिक रस्त्यावर उभी होती म्हणून पोलिसांना फक्त तिथे जायचे होते. ती एखाद्या शेडमध्ये गेली असती तर दोन गोष्टी बदलल्या असत्या. पत्र्याच्या छपराखाली उपग्रह दिसले नसते आणि आठ मीटरचे वर्तुळ पुन्हा सव्वा किलोमीटरचे झाले असते. त्या वर्तुळात वसाहतीतले चाळीस गाळे बसले असते. आणि खासगी जागेत शिरण्यासाठी त्या वेळच्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे न्यायाधीशाचे वॉरंट लागले असते. चोरीचा माल शोधण्यासाठीच्या वॉरंटाची तरतूद १९६८ च्या चोरी कायद्याच्या कलम २६ मध्ये आहे, परंतु चाळीसांतला नेमका कोणता गाळा हे सांगता आल्याशिवाय असे वॉरंट मागणेही अवघड. एस-७ वर्गातल्या काही उपकरणांत उपग्रहांखेरीज व्हीएचएफ रेडिओ संकेतही असतो आणि हातात रिसीव्हर घेऊन माणूस त्या संकेताच्या मागे गाळ्याच्या दारापर्यंत जाऊ शकतो; महागड्या व्यवस्थेची किंमत अशा वेळी कळते.

वॉरंटसाठी लागणाऱ्या या विलंबाविषयी ब्रिटनमध्ये बरीच ओरड होती. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी, म्हणजे या चोरीनंतर थोड्याच आठवड्यांत, सरकारने संसदेत मांडलेल्या क्राइम अँड पोलिसिंग विधेयकात ट्रॅकरने दाखवलेल्या चोरीच्या वस्तूंसाठी वॉरंटविना जागेत शिरण्याचा अधिकार पोलिसांना देण्याचे कलम होते, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीच्या अटीसह. फोन चोरीच्या संदर्भात त्याचा गाजावाजा झाला असला तरी कॅराव्हॅनवाल्यांनाही ते तितकेच लागू पडते. वॉरंटच्या मार्गानेही मोठी कामे होतात, याचे उदाहरण अमेरिकेत त्याच २०२४ साली दिसले होते. व्हर्जिनियातल्या एका सुताराने आपल्या हत्यारांत एअरटॅग लपवले. त्यांचा माग मेरीलँडमधल्या हॉवर्ड परगण्यातल्या भाड्याच्या गोदामापर्यंत गेला. पोलिसांनी तिथून सुरुवात करून पुढे बारा ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार हत्यारे हस्तगत केली. त्या सुतारानेही माग हाती आल्यावर पोलिसांनाच कळवले होते. ठिपक्याच्या मागे एकट्याने जाऊन दार ठोठावणाऱ्या मालकाला मी कधीही शाबासकी देणार नाही. कॅराव्हॅनचे पैसे विम्यातून मिळतात.

विमा आणि नंतरचे बदल

अर्थात पैसे मिळतातच असेही नाही. कॅराव्हॅन सापडली नसती तर चाकाचे कुलूप न लावल्याच्या कारणावरून संपूर्ण दावा अडचणीत आला असता. शिवाय हप्त्यातली सूट चालू अवस्थेतल्या ट्रॅकरसाठी होती आणि तो महिनाभर बंद असल्याची नोंद खुद्द ट्रॅकरच्या कंपनीकडेच होती. सापडल्यामुळे प्रश्न फक्त जोडणीचा कापलेला आकडा, फोडलेले दार, खरवडलेल्या काचा आणि पोलिसांनी ती उचलून नेऊन आवारात ठेवल्याचे शुल्क एवढ्यापुरता उरला. बराच पत्रव्यवहार होऊन विमा कंपनीने दारकाचांचा खर्च दिला, बाकीचा नाकारला. अटी वाचल्यावर तिला दोष देणे मला जमले नाही.

त्यानंतर डॉक्टरांनी पहिला ट्रॅकर नव्याने बसवला, आणि आता एकसारख्या दोन बॅटऱ्या ठेवून महिन्याच्या पहिल्या रविवारी घरी भारलेली बॅटरी आवारात नेऊन बदलतात. चाकाची रेषा जुळेल अशी नेमकी जागा सापडल्यावर त्यांनी आवारातल्या काँक्रीटवर रंगाची खूण केली आहे. सूचना जाण्यासाठी दुसऱ्या क्रमांकाच्या जागी त्या स्नेह्याचा फोन नोंदवला आहे.

सांगलीतल्या त्यांच्या मेव्हण्याने हे सर्व ऐकून आपल्या जीपमध्ये तसलाच ट्रॅकर बसवायचे ठरवले आणि ‘सरकारमान्य’ म्हणून एआयएस-१४० चे उपकरण विचारू लागला. ते मानक वेगळ्या हेतूचे आहे. १ जानेवारी २०१९ पासून नोंद होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ते लागू झाले, पुण्यातील एआरएआयसारख्या संस्था त्याची चाचणी घेतात, आणि बस-टॅक्सीतल्या प्रवाशाला संकटात बटण दाबता यावे हा त्याचा गाभा आहे. खासगी जीप चोरीपासून वाचवायला तेच हवे असे नाही. लपवता येईल आणि स्वतःच्या सेलवर चालेल असे उपकरण घ्या, असे मी त्याला सांगितले.

लपवलेल्या ट्रॅकरचा एक प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. मुले मोठी झाल्याने पुढच्या वर्षी कॅराव्हॅन विकायचा डॉक्टरांचा विचार आहे. फळीखालचा डबा तसाच राहिला तर विक्रीनंतर नव्या मालकाच्या कुटुंबाच्या सगळ्या सहली डॉक्टरांच्या फोनवर दिसत राहतील, आणि त्याच्या नकळत असे करणे तिथल्या कायद्याने गुन्हा ठरू शकते. उपकरण काढून घ्यायचे, की जागा दाखवून सिमकार्डासह त्याच्या नावावर करून द्यायचे, असे त्यांनी मला विचारले. व्यवहार पुरा होऊन पैसे खात्यात जमा होईपर्यंत ते चालू ठेवावे, कारण कॅराव्हॅन पाहायला येणाऱ्यांत सगळेच गिऱ्हाईक नसतात. आणि चावी देताना चार स्क्रू त्याच्यासमोर काढून डबा त्याच्या हातात द्यावा, असे मी कळवले आहे.